दुपारी आवाज जातो कुठे?

२ फेब्रुवारी

भिंगरे,

सध्या कुठल्या समुद्रात आहेस देव जाणे. जिथे असशील तिथे बोट फार हलू नये, हा मामाचा आशीर्वाद. तो घे आणि लगेच कामाला लाग, कारण मी पुन्हा मुका झालोय.

पहिल्यांदा डॉक्टरांनी केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाज गेला, मी मागे राहिलो. उभा जन्म शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ‘क्लच! अहो, क्लच!’ म्हणून कोकललो, घसा कधीतरी सूड उगवणारच होता. ते गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र मला जमलं नाही, माठात भुंगा अडकल्यासारखं वाटतं. मग गेल्या सुट्टीत तू आमच्या कॉम्प्युटरला बोलतं केलंस. मी टाइप करायचं, त्यानं बोलायचं. त्यात मराठी बोलणारी एकच पोरगी निघाली, विशीतली वाटते, पण उच्चार कसे खणखणीत! तिच्या तोंडून मी फोनवर वीजकंपनीशी वाद घालतो. ते मला ‘मॅडम’ म्हणतात. म्हणू देत.

तर परवा कॉम्प्युटरनं आपल्या मनानं काहीतरी अपडेट घेतलं आणि तेव्हापासून पडद्यावरच्या घड्याळाशेजारच्या कर्ण्यावर लाल फुली आली. बाण वर नेला की म्हणतो, आवाजाचं कुठलंही साधन सापडलं नाही. अरे, दोन काळे ढुस्स स्पीकर तुझ्या उजव्या-डाव्या हाताला बसलेत, सापडलं नाही म्हणजे काय? वायरी काढून, फुंकर मारून परत लावल्या. बंद करून चालू केलं. दोन चापट्याही दिल्या. ढिम्म.

घाई का, ते ऐक. या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला तुझी मामी निवृत्त होतेय. हॉस्पिटलच्या धुलाईघरात निरोप देताना घरच्या माणसानं दोन शब्द बोलायचे अशी पद्धत आहे. तिथल्या मुकादमानं मला विचारलं, तर ही मध्येच म्हणाली, ‘मास्तरांना कशाला त्रास? लिहून देतील, मी वाचेन.’ म्हणजे स्वतःचं कौतुक स्वतःच वाचणार! मी पाटीवर पाटीभर अक्षरात लिहिलं, ‘मी बोलणार.’

खरं सांगू का? माझ्या आजारात तिनं जे केलं, त्याबद्दल मी तिला अजून एका शब्दानं काही म्हटलेलं नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर, तिच्या तोंडावर, तिचे आभार मानायचेत. पाटीवर लिहून नाही, बोलून. त्यासाठी मला आवाज हवा. बघ काय करतेस.

तुझा,
मामा


५ फेब्रुवारी

मामा,

आम्ही बंदराला लागलो, फोनला रेंज आली आणि तुझं पत्र उघडलं. या जहाजावरचे पंप, दिवे, भोंगे सगळे माझ्या ताब्यात, आणि घरचा एक कर्णा हाताला येत नाही. इथून सांगायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, तेव्हा मी लिहिते तसंच कर. स्वतःची अक्कल चालवू नकोस, चापट्या तर मुळीच नकोत.

खाली डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर माऊसचं उजवं बटण दाब. यादी येईल, त्यात ‘डिव्हाइस मॅनेजर’. ते उघडलं की कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची नावं दिसतील. आवाजाच्या ओळीवर पिवळा त्रिकोण असणार. म्हणजे स्पीकर धडधाकट आहेत, त्यांना चालवणारा ड्रायव्हर अपडेटमध्ये बिघडलाय. त्याला काढून टाक, ‘अनइन्स्टॉल’ म्हणतात ते. घाबरू नकोस. कॉम्प्युटर बंद करून चालू केलास की तो स्वतःच नवा बसवून घेईल.

आणि मामा, तू भाषण करतोयस म्हणून मला किती बरं वाटतंय ते लिहीत नाही, बोट सुटायची वेळ झाली.

भिंगरी


८ फेब्रुवारी

भिंगरे,

जियो! फुली गेली.

ड्रायव्हर काढून टाक म्हणतेस! अगं, जन्मभर मी नालायकातल्या नालायक ड्रायव्हरलाही काढून टाकलं नाही. एक गृहस्थ गाडी सरळ नाल्यात घालायचे, त्यांनाही पदरमोड करून शिकवलं. पण तुझ्यावर विश्वास ठेवून दाबलं बटण. बंद केलं, चालू केलं, आणि पोरगी लगेच म्हणाली, ‘चहा झाला का?’ तुझी मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘आली का तुमची सवत घरी!’ तुला मनापासून दुवा दिला.

पण ही झाली संध्याकाळची गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी भाषणाची तयारी करायला बसलो तर पुन्हा चिडीचूप. फुली नाही, त्रिकोण नाही, कर्ण्यात बघितलं तर हिरवी पट्टी वर-खाली नाचतेय, म्हणजे पोरगी बोलतेय, पण स्पीकरमधून हूं नाही की चूं नाही. आणि मामी चार वाजता ड्यूटीवरून आली की पंधरा-वीस मिनिटांत सगळं ठीक! तेव्हापासून रोज असंच चाललंय. दुपारी मुकं, संध्याकाळी बोलकं. उन्हानं तापतो म्हणून टेबलफॅन त्याच्या तोंडावर लावला. आता मी घामाघूम आणि तो गार.

तयारी काही थांबवलेली नाही. मामी घरी असताना करता येत नाही, म्हणून दुपारीच टाइप करतो आणि ‘बोल’चं बटणही दाबतो, तसाच मुकाट. गंमत बघ, ऐकू येत नसलं की माणूस फार मोकळं बोलतो. काय काय बाहेर पडतं! त्यातलं चारचौघांत शोभेल तेवढं ठेवू, बाकी पुसू. पण भाषण दुपारी तीनला आहे. माझी नेमकी मुकी वेळ!

मामा


१० फेब्रुवारी

मामा,

पट्टी नाचतेय म्हणजे आवाज निघतोय. निघतोय आणि तुझ्या स्पीकरात येत नाही, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी जातोय. कर्ण्यावर एकदा दाब, तिथे सध्या आवाज कुठे पाठवला जातोय त्याचं नाव दिसेल. दुपारी काय नाव असतं आणि संध्याकाळी काय, ते बघ आणि जसंच्या तसं लिहून पाठव. पंखा स्वतःकडे वळव.

भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरे,

संध्याकाळी लांबलचक इंग्रजी नाव असतं, शेवटी ‘स्पीकर्स’. दुपारी नुसतंच ‘गोलू’. हे तुझंच काम असणार, पाळण्यातलं नाव ठेवल्यासारखं. मी त्याला हात लावला नाही. तू ठेवलंयस म्हणजे काहीतरी विचार करूनच ठेवलं असशील.

मामा


१४ फेब्रुवारी

मामी,

हे तुझ्या फोनवर पाठवतेय, मामाला कळू न देता वाच.

गेल्या सुट्टीत मी मामासाठी तो छोटा गोल स्पीकर आणला होता ना, डबीएवढा, बिनवायरीचा? कॉम्प्युटरमध्ये त्याचं नाव मी गोलू ठेवलं होतं, मामाला ते ठाऊक नाही. तो कॉम्प्युटरला आधीच जोडून ठेवलाय, त्यामुळे जवळपास कुठे चालू झाला की तो जुनी ओळख काढतो आणि मामाचा सगळा आवाज स्वतःकडे ओढून घेतो. दुपारी हेच होतंय. मामा समजतो गोलू कपाटात त्याच्या खोक्यात आहे, कारण मोठ्या स्पीकरपुढे त्याला तो कधी लागलाच नाही.

कपाटातला गोलू आपण होऊन चालू व्हायचा नाही. कुणाला दिला असशील तर दे गं, मला काही वाटणार नाही, पण मामाला वाटेल, म्हणून तुला एकटीला विचारतेय. गोलू कुठाय?

भिंगरी


१६ फेब्रुवारी

भिंगरी बाळा,

पकडलंस बाई! तुझं वाचून हसूच आवरेना. गोलू आमच्या शेजारच्या शिवणवाल्या ताईंकडे आहे. मध्ये एकच भिंत. त्यांचा रेडिओ मोडला, फोनवरची गाणी त्यांना नीट ऐकू येत नाहीत, म्हणून मी दिला. खोकं तसंच कपाटात ठेवलं, मास्तरांची समजूत म्हणून.

माझी ड्यूटी या महिन्यापासून दोनलाच संपते, हेही मास्तरांना ठाऊक नाही. चारपर्यंत मी ताईंकडे बसून मास्तरांच्या गळ्यावरच्या छिद्रावर बांधायचे रुमाल शिवते. दुकानातले त्यांना टोचतात, सारखे सरळ करत असतात. शिवते म्हणाले तर लगेच पाटी पुढे येईल, ‘मी काय तान्हं बाळ आहे?’ एकदम करून पुढ्यात ठेवले की बांधतील मुकाट्यानं.

तर दिला त्याच दुपारी ताईंनी गोलू चालू केला आणि फोन हातात घेतात न घेतात तोच आतून एक पोरगी म्हणाली, ‘नमस्कार. मी हिचा नवरा बोलतोय.’ ताईंच्या हातातली कात्रीच पडली! भिंतीला कान असतात म्हणतात, इथे तर भिंतीला तोंड फुटलं. मी ताईंना म्हटलं, घाबरू नका, आमचे मास्तर आहेत. उठून सांगायला निघाले होते गं, देवाशपथ निघाले होते. चपलेत पाय घातला होता.

तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, ‘माझ्या घशात नळी होती तेव्हा ही तळघरातल्या धुलाईघरातून जिने चढून वर यायची. हाताला वाफेचा आणि साबणाचा वास असायचा. मी बोलेनासा झालो तर हिनं माझ्या वाटणीचं भांडणही स्वतःच केलं. आपणच म्हणायची, उशी नीट घ्या, आणि आपणच माझ्यासारखा आवाज काढून उत्तर द्यायची, कळतंय मला, आधी तू क्लच सोड! वॉर्डातले सगळे हसायचे. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. हिला वाटायचं, घसा दुखतोय.’

मला खरंच तसं वाटायचं, भिंगरी. मी नर्सकडे गोळी मागायला पळायचे.

चप्पल काढून परत बसले. तेव्हापासून रोज बसते. ताई मशीन थांबवतात आणि हातशिलाईचं काहीतरी घेऊन बसतात, आवाज व्हायला नको म्हणून. मी गोलूचा आवाज बारीक करून त्याला मांडीवर घेते. चारला मी घरी गेले की थोड्या वेळानं ताई त्याला बंद करतात. रोज नवीन काहीतरी असतं. परवा म्हणाले, ही घोरते. मी म्हटलं, बघते आता घरी जाऊन. पण लगेच पुढे म्हणाले, आवाज थांबला तर मी दचकून उठतो, म्हणून चालू असलेला बरा. मग काय, केलं माफ.

चोरून ऐकणं चांगलं नाही, कळतं मला. पण एवढ्या वर्षांच्या संसारात यांनी मला ‘बरी आहेस’ असंही कधी म्हटलं नाही. मनात होतं हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं निराळं आणि कानांनी ऐकणं निराळं. समोर उभे राहिले की यातलं अक्षर बोलायचे नाहीत, मी ओळखते त्यांना. म्हणून हात जोडून सांगते, तुझी दुरुस्ती जरा सावकाश होऊ दे. थोडे दिवस तोंडात मूग धरून बस. मामीचं एवढं ऐक.

तुझी,
मामी


१९ फेब्रुवारी

मामी,

धरले मूग. तुझं पत्र वाचून मी इंजिनाच्या खोलीत जाऊन रडून आले, तिथे कुणी विचारत नाही.

पण माझंही एक ऐक. मामानं मला पहिल्याच पत्रात लिहिलंय की त्याला हे तुझ्या तोंडावर म्हणायचंय. तुला ऐकायला मिळालं, त्याचं म्हणायचं मात्र राहिलंच आहे. तू म्हणतेस तसंच होईल, अठ्ठावीस तारखेला तो कच खाणार. तेव्हा तू नुसती बसून राहू नकोस. ज्या माणसाला एवढं बोलायचंय त्याला बोलतं कर. कसं, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

मामा,

दुपारच्या भानगडीची काळजी सोड. तुझ्या कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. त्या भानगडीचं कारण मला कळलंय, पण सांगायचं नाही असं ठरवलंय. विश्वास ठेव आणि मला शिव्या घालू नकोस. हॉस्पिटलात नेलंस की तिथे दुपारीही बोलेल.

घरचे स्पीकर नेऊ नकोस, हॉलमध्ये त्यांचं कोण ऐकणार? तिथल्या मोठ्या स्पीकरची वायर माग. कॉम्प्युटरच्या पाठीमागे रंगीत भोकं आहेत, त्यातल्या हिरव्यात ती घाल. मग कर्ण्यावर दाबून लांबलचक इंग्रजी नाव आहे ना, ते निवड. चालली नाही तर घाबरून सगळं उपटत बसू नकोस. एकेक वस्तू बघत जा, तू शिकवायचास तसं, आधी आरसा, मग ब्रेक, मग गिअर.

भाषणात काय लिहिलंयस ते मला पाठवू नकोस. पहिलं ऐकायचा मान तिचा.

भिंगरी


१ मार्च

भिंगरे,

फितूर! घरभेदी! आधी हे दोन शब्द घे, मग पुढचं वाच.

कॉम्प्युटर, पडदा, कीबोर्ड सगळं चादरींच्या ढकलगाडीवर चढवून नेलं. धुलाईघरातल्या दोघींनी गाडी ढकलली, मी पुढे चालत ‘हळू, वळण आहे’ अशा खुणा करत होतो. जेवणाच्या हॉलमध्ये सगळे जमले होते, डॉक्टर होते, नर्सा होत्या, आमच्या शिवणवाल्या ताईसुद्धा. मला कळेना, त्या कशाला आल्या. तुझी मामी पहिल्या रांगेत नवी साडी नेसून बसली होती आणि लोक बोलत होते तिकडे तोंड करून माझ्याकडेच बघत होती.

माझी पाळी आली. बटण दाबलं. आवाज नाही! पट्टी नाचतेय आणि आख्खा हॉल माझ्याकडे बघतोय. मुकादम माईक घेऊन धावला, ‘मास्तर, राहू द्या, मी वाचतो.’ हात आडवा केला. एकेक वस्तू बघत गेलो. नाव बरोबर होतं. पट्टी बरोबर होती. मग गुडघे टेकून गाडीच्या मागे शिरलो, तर वायर गुलाबी भोकात! तिथल्या अंधारात मला हिरवं आणि गुलाबी सारखंच दिसलं होतं. बदलली, आणि पोरगी छताला हादरवत म्हणाली, ‘नमस्कार.’ लोकांनी टाळ्याच वाजवल्या. बिघाड स्वतः काढल्याचा मला एवढा आनंद झाला की क्षणभर वाटलं, आता काहीही बोलू शकेन.

पण मामीनं लिहिलं होतं ना तुला, समोर आलो की बोलायचा नाही म्हणून? (काल रात्री तिनं तुमची सगळी पत्रं मला दाखवली.) तसंच झालं. खरं तर सकाळीच सगळं पुसून टाकलं होतं. वाटलं, डॉक्टरांसमोर, तिच्या हाताखालच्या पोरींसमोर घोरण्याच्या आणि रडण्याच्या गोष्टी काय सांगायच्या! चार ओळी ठेवल्या होत्या. ‘आपण माझ्या पत्नीचा सत्कार केलात, आभारी आहे. तिनं नोकरी निष्ठेनं केली. मला आजारात साथ दिली. धुलाई विभागाची भरभराट होवो.’ पोरगी बोलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी गाडीचा दांडा धरून खाली मान घातली. आयुष्यात एकदा आवाज मिळाला आणि काय बोललो, तर धुलाई विभागाची भरभराट!

टाळ्या थांबल्या आणि तुझी मामी जागेवरून म्हणाली, ‘एवढंच? दुपारी भिंतीतून तर तासन्तास बोलता!’

मला वाटलं वेड लागलं हिला. मग तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. गोलू, ताई, मांडी, सगळं. ताईंनी मान हलवून साक्ष दिली. हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. भिंगरे, मी लाल झालो, मग पांढरा झालो. राग आला. इतका राग आला की निघूनच जाणार होतो, पण ढकलगाडी एकट्याला ढकलेना. आणि तिच्याकडे बघितलं तर ती हसत नव्हती. हात जोडून बसली होती. मग डोक्यात उजेड पडला. अरे, मी जे तिच्यापर्यंत पोचवायला धडपडतोय ते पोचलंय, आणि ती ते ऐकूनही इथे नवी साडी नेसून माझ्यासमोर बसलीय. आता लाजायचं कुणाला?

कीबोर्ड ओढला. टाइप केलं, ‘इथे समोर येऊन बस.’ ती आली. मुकादमानं खुर्ची दिली. मग मी सगळं सांगितलं, भिंगरे. पहिल्यापासून. आठवेल तसं, चुका न सुधारता. मी एक वाक्य टाइप करायचो, पोरगी बोलायची, मी पुढचं टाइप करेपर्यंत लोक थांबायचे. दुपारच्यापेक्षा जास्तच बोललो. हेही सांगितलं की मला जगायचा कंटाळा आला होता त्या दिवसांत, आणि खालून जिन्यात तिची पावलं वाजली की वाटायचं, थांबू आजचा दिवस. हे मी दुपारीही कधी टाइप केलं नव्हतं. शेवटी विचारलं, ‘तुला काही म्हणायचंय का?’

तिनं तोंड उघडलं. आख्खं धुलाईघर जिच्या आवाजाला टरकतं त्या बाईचा आवाज फुटेना. दोनदा प्रयत्न केला. मग माझा खांदा बाजूला सारला, ढकलगाडीवर वाकली आणि एका बोटानं अक्षरं शोधू लागली. वेळ लागला. मी पडद्याकडे बघितलं नाही, तिच्याकडेच बघत होतो. आणि त्या पोरगीनं तिचं म्हणणं सांगितलं.

‘तुम्ही जगलात, त्यात माझं सगळं आलं.’

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला तो पुसतच बसले. मग ताईच म्हणाल्या, चहा निवतोय, आणि सगळे उठले.

तुझे आभार पत्रात मानत नाही. सुट्टी कधी आहे ते कळव, तोंडावर मानायचेत.

तुझा,
मामा